सगळ्यांनी उचललेलं घर

त्या काळी बुगसोकमध्ये घरं चालायची. आताच्या सिमेंटच्या घरांना पाय नसतात, ती जिथे बांधली तिथेच म्हातारी होतात. तेव्हा फिलिपिन्सच्या बोहोल बेटावरच्या गरिबाचं घर म्हणजे बांबूच्या मेढी, कामट्यांची जमीन, कुडाच्या भिंती आणि वर निपाच्या झावळ्यांनी शाकारलेलं छप्पर. जमीन मालकाची, घर तेवढं आपलं. मालकाने ऊठ म्हटलं की भांडीकुंडी शेजारी ठेवायची, छपराच्या झावळ्या उतरवायच्या, घराखालून लांब बांबू उभेआडवे बांधायचे आणि गावच्या गड्यांनी तो सांगाडा खांद्यावर घेऊन नव्या जागी नेऊन ठेवायचा. सकाळी निघालेलं घर जेवणाच्या वेळेला पोचलेलं असे. जेवण घरवाल्याचं. मजुरी कुणी मागत नसे आणि देण्याची कुणाची छातीही होत नसे. आज हे सांगितलं की नातवंडांना खोटं वाटतं.

निनायचं घर असंच हलायचं होतं. बाप्तिस्म्यातलं तिचं नाव सातुर्निना, पण पाद्री सोडून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. नवरा देन्सियो एकदा मासे धरायला गेला तो परतला नाही. दोघी मुली लग्न होऊन सेबूला गेल्या. मागे राहिलं ते देन्सियोने लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हाताने उभं केलेलं घर. खिडकीपाशी तो रोज संध्याकाळी जाळं विणत बसायचा, तिथल्या कामट्या त्याच्या बसण्याने तुकतुकीत झाल्या होत्या. निनाय स्वतः त्या जागी बसत नसे. पाहुणा आला की ती घाईने तिथे सूप नाहीतर टोपली ठेवून द्यायची, म्हणजे तोही बसायचा नाही.

जमिनीचे मालक म्हातारे दॉन एवारिस्तो होते तोवर जमिनीचा प्रश्न आला नाही. ते गेले आणि मुलाने निरोप धाडला, तिथे खोबरं वाळवायची भट्टी बांधायची आहे, गावच्या संताच्या, सान इसिद्रोच्या सणापर्यंत जागा मोकळी कर. निनाय रडली नाही. घराला पाय होते. रविवारी मास, म्हणजे देवळातली प्रार्थना, सुटल्यावर तिने पायरीवर थोरल्या भावाला गाठलं.

“मानोंग, घर हलवायचंय.”

“हलवू की,” उर्बानो म्हणाला. “माझ्या माडांच्या कडेला ठेव. मधलं भाताचं शेत ओलांडलं की झालं.”

“छप्पर उतरवायला...”

“बघतो मी. तू जेवणाच्या डुकराचं बघ.”

बस्स, एवढंच बोलणं. उर्बानो चार शब्दांच्या जागी दोन वापरणारा माणूस. पण घर उचलताना मागच्या बांबूपाशी उभं राहून आरोळी द्यायची ती त्यानेच. त्याच्या आरोळीवर गावातली किती घरं पाऊल टाकत गेली होती. वीसेक गडी, एक आरोळी, एक डुक्कर. इतकं लहान काम होतं ते.

तेवढ्यावर थांबलं असतं तर हे सांगायलाही कुणी बसलं नसतं. पण माडी पिताना उर्बानो कापितान पोर्फिरियोला सहज बोलून गेला. पोर्फिरियो गावचा मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कुठलीच गोष्ट लहान ठेवता येत नसे. त्या वर्षी सणाला मेयर येणार होता.

“अरे, मग सणाच्याच दिवशी उचलू!” तो मांडीवर थाप मारून म्हणाला. “बँडच्या तालावर! मेयरला दिसू दे बुगसोकची एकी.”

उर्बानो काही बोलला नाही. कापितानने ते हो म्हणून धरलं. उर्बानोच्या मनात ते नाही होतं.

कापितानने बायकोला सांगितलं. बायकोने माएस्त्रा क्लोतिल्देला. क्लोतिल्दे शाळेत शिकवायची आणि देवळातल्या बायकांच्या मंडळाची प्रमुख होती. तिने लगेच बैठक बोलावली. निनायला बोलावलं नाही.

“जिला द्यायचं तिलाच समोर बसवलं तर ती लाजून मरेल,” क्लोतिल्दे म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं. शाळेचे काढलेले जुने पत्रे पडून होते, ते निनायच्या घरावर घालायचे असं ठरलं. बिचारीला किती दिवस झावळ्या बदलायला लावायच्या?

इकडे बेस्त्रे सुताराने आपलं वेगळंच चालवलं होतं. देन्सियो त्याचा दोस्त. एक दिवस निनाय नदीवर कपडे घेऊन गेलेली पाहून तो आला, घराच्या खाली वाकला, आणि वाळवीने पोखरलेल्या चारी कोपऱ्यांच्या मेढी काढून माडाच्या लाकडाच्या जाड मेढी बसवून गेला. निनाय परतली तेव्हा नुसता भुसा पडलेला. तिने संध्याकाळी केळ्यांचा घड नेऊन दिला.

“काय हे बेस्त्रे, सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस,” बेस्त्रे म्हणाला. तिलाही ते खरंच वाटलं.

मेढी जड झाल्या म्हणजे उचलायचे बांबूही जाड हवेत, हे बेस्त्रेला कळत होतं. तो उर्बानोच्या घरी गेला. उर्बानो घरी नव्हता, म्हणून त्याने उर्बानोच्या बायकोला सांगितलं. तिला वाटलं, बांबूचं आता कापितान बघतोय, म्हणून तिने विहिरीवर कापितानच्या बायकोच्या कानावर घातलं. कापितानने तर स्वतःच्या बनातले बांबू मोठ्या हौसेने तोडून आणले होते, त्यांना रंगीत कागदाच्या पताका चिकटवायला मुलं बसवली होती. त्याच्या बायकोला वाटलं, ही आपल्या नवऱ्याच्या बांबूला नावं ठेवतेय. ती गप्प राहिली. आपल्याकडे निरोप असाच जायचा, ज्याला द्यायचा त्याला सोडून साऱ्या गावाला.

बेस्त्रेने ते बांबू पाहिले. कोवळे होते, अजून हिरवे. त्याने डोकं खाजवलं आणि पताका चिकटवणाऱ्या मुलांना “छान दिसतंय हां” म्हणून तो घरी गेला. गावच्या कापितानच्या दारात उभं राहून त्याच्या बांबूला कोवळा कोण म्हणणार?

सणाच्या आधी काही दिवस निनाय बाजारातून आली आणि लांबूनच तिचे डोळे दिपले. घरावर पत्रे चमकत होते. खाली मंडळाच्या बायका उभ्या. ती दिसताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. निनायला भरून आलं, तेही खरं. तिने एकेकीचा हात हातात घेतला. मग मान वर करून पाहिलं तर पत्र्याखालून झावळ्यांची टोकं डोकावत होती.

“माएस्त्रा, खाली झावळ्या तशाच आहेत का गं?”

“असू दे की. उन्हाळ्यात गारवा राहील.”

“जड नाही व्हायचं?”

“अगं बाई, तुला कुठे उचलायचंय?” क्लोतिल्दे म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. निनायही हसली. मदत घेणाऱ्याने हसायचंच असतं.

झावळ्या उतरवायचं काम उर्बानोचं होतं. तो दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आला, पत्रे पाहिले, आणि शिडी तशीच खांद्यावर घेऊन परत गेला. निनाय मागोमाग त्याच्या अंगणात गेली. तो कोयत्याला धार लावत होता.

“मानोंग, पत्रे बघितलेस?”

“बघितले.”

“मग?”

“माएस्त्रा शिकलेली आहे. तिला ठाऊक असेल.”

“तू एकदा बोल ना तिच्याशी.”

“मला विचारून घातले का? मग मी कशाला बोलू?” तो कोयता उलटा करून घासू लागला.

निनायला कळलं की हा रुसला. रुसलेल्या माणसाला आमच्याकडे छेडत नाहीत. तो आपण होऊन वळेपर्यंत वाट बघतात, गोडधोड पाठवतात. निनायने संध्याकाळी नारळाच्या दुधातला भात पाठवला. भांडं धुऊन परत आलं, उत्तर आलं नाही.

मग ती सगळी भीड गिळून कापितानच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. तो बँडवाल्यांशी बोलत होता.

“काय मानांग?” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. “डुक्कर झालं ना गुबगुबीत?”

“झालंय. कापितान, मी म्हणत होते, एकदा सगळ्यांनी मिळून बसलं असतं...”

“बसायला आपण काय परके आहोत?” तो तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. “सगळ्यांना सगळं माहीत आहे. तू निर्धास्त राहा.”

निनाय घरी आली. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती बहीण त्या दिवसांत निनायच्याच घरी मुक्कामाला होती, पण तिला जा म्हणायचं निनायला सुचलं नाही. तिच्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती गोष्ट आता साऱ्या गावाच्या हातात होती. आपल्याच घराबद्दल जास्त विचारलं तर लोक म्हणतील, फुकटचं घेते आणि वर तपासून घेते.

सण उजाडला. मास झाली. मेयर काळा चष्मा लावून आला, सोबत तालुक्याचा फोटोवाला. भाताचं शेत कापणी होऊन सुकलेलं होतं, मधोमध बांध तेवढा उंच. पलीकडे उर्बानोच्या माडांपाशी निनायचं डुक्कर पहाटेपासून निखाऱ्यावर फिरत होतं.

नव्या घरात माणसाच्या आधी तांदूळ आणि मीठ जावं लागतं. ते कुणीतरी एकाने आणायचं असतं. कुणी आणायचं हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तेव्हा जो तो घरून तांदळाचं गाठोडं आणि मिठाचं मडकं घेऊन आला. आणलेलं परत न्यायचं तर निनायचा अपमान. माणसं हसत हसत शिडी चढून आत ठेवू लागली. कुणी एकाने तर भाताचं अख्खं पोतंच ढकललं. निनाय शिडीशी उभी राहून सालामात म्हणत सगळ्यांचे आभार मानत होती आणि आत तांदळाचा ढीग वाढत होता. देन्सियोच्या जागेवर तिने सवयीने सूप ठेवलं होतं. त्या सुपावरच लोक गाठोडी रचत होते.

“मानांग, वर्षभर चूल पेटवायला नको, नुसतं तांदूळ चघळत बस!” कुणीतरी ओरडलं. मोठा हशा झाला.

गडी बांबूखाली शिरले. उर्बानो रुसला होता तरी आला, कारण न येणं म्हणजे उघड भांडण. तो मुकाट्याने मागच्या बांबूपाशी आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. पुढच्या बाजूला कापितान पत्र्याचा कर्णा घेऊन उभा होता. आरोळी मेयरसमोर आपणच द्यायची हे त्याने कधीच ठरवलं होतं. सांगायचं राहिलं असेल. किंवा सांगताना जीभ अडखळली असेल.

निनाय सान इसिद्रोची लहान मूर्ती छातीशी धरून सगळ्यांच्या पुढे निघाली. तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा घर हवेत होतं.

खरंच सांगते, तसं दृश्य नाही. पत्रे उन्हात झळाळताहेत, पताका उडताहेत, खाली गावातले झाडून सगळे गडी, त्यांच्या मानेच्या शिरा टरारलेल्या. बँड वाजत होता. फोटोवाल्याने तेव्हाच फोटो काढला. क्षणभर निनायलाही वाटलं की आपणच उगीच भ्यालो.

मग तिला दोन आरोळ्या ऐकू आल्या. कापितान कर्ण्यातून बँडच्या तालावर “हो-हा, हो-हा” करत होता. मागून उर्बानोची जुनी, लांब, संथ आरोळी येत होती. पुढचे गडी एका तालावर, मागचे दुसऱ्या. घर चालत नव्हतं, पिळत होतं. आतली मिठाची मडकी एकमेकांवर आपटत होती.

“अरे, हळू!” मधला बेस्त्रे ओरडला. “एकाने बोला!”

“कोण बोलतंय मध्येच?” कर्णा म्हणाला.

बांध आला. कापितानने चढा म्हटलं. उर्बानोने थांबा म्हटलं. निनाय मूर्तीसकट वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडली, “ठेवा! खाली ठेवा ते!” नेमका तेव्हाच बँडवाल्याने झांज वाजवली.

कोवळा बांबू मोडत नाही, फाटतो. आधी एक फाटला, मग दुसरा. गडी जीव घेऊन बाजूला उड्या मारून निसटले. घर रेडा गुडघे टेकतो तसं पुढून खाली बसलं, मग एका कुशीवर कलंडलं. बेस्त्रेच्या जाड मेढी शाबूत राहिल्या आणि त्यांनीच जमिनीच्या कामट्या उखडून काढल्या. पत्रे सुरीसारखे सरकत खाली आले. त्यांच्या मागून झावळ्या. मग फाटलेल्या कुडातून तांदूळ वाहू लागला, मीठ, पुन्हा तांदूळ. बांधावर पांढरा ढीग झाला. बँड आणखी थोडा वेळ वाजत राहिला. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

एकाचा अंगठा चेचला, दोघांना खरचटलं. “देवाची कृपा, माणूस कुणी गेलं नाही,” माएस्त्रा म्हणाली, आणि सगळ्यांनी क्रुसाची खूण केली. मग सगळे निनायकडे पाहू लागले. घरवालीने काहीतरी म्हणायचं असतं.

“उन्हात उभे राहू नका,” निनाय म्हणाली. “जेवायला चला.”

आणि ते गेले. मेयर थांबलेला, डुक्कर भाजून तयार, न जेवता गेले तर निनायला कमीपणा. उर्बानोच्या माडांखाली टेबलं कमी पडली, तेव्हा चारदोन गडी तत्परतेने धावत जाऊन मोडक्या घराच्या जमिनीचा एक मोठा तुकडा उचलून घेऊन आले. तो ओंडक्यांवर ठेवला, वर केळीची पानं अंथरली आणि त्यावर ते डुक्कर ठेवलं. कापितानने पहिला घाव घातला. सालीचा कुरकुरीत आवाज सगळ्यांनी ऐकला. “वा मानांग!” मेयर म्हणाला. “अशी साल तालुक्याच्या गावातही मिळत नाही.”

निनाय वाढत होती. ताटामागून ताट. एकेक जण तिला बाजूला घ्यायचा आणि मान खाली घालून सांगायचा.

“मला वाटलं, उर्बानोने तुला सांगितलं असेल.”

“मला वाटलं, कापितानला ठाऊक असेल.”

“मी उर्बानोच्या बायकोला बोललो होतो बरं का, मी आधीच बोललो होतो,” बेस्त्रे म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“हो,” निनाय प्रत्येकाला म्हणाली. “तू घे ना आणखी.”

भाऊ मात्र पाठमोरा बसून जेवला.

पान सरकलं तेव्हा तिला ते दिसलं. हाडांच्या आणि चरबीच्या खाली त्या कामट्या तुकतुकीत होत्या. हात लावायची गरज नव्हती, अंधारातही तिने त्या ओळखल्या असत्या. तिच्या मनात आलं, आत्ता म्हणावं, एवढं सोडून बाकी काही घ्या. पण मेयर अजून जेवत होता. पाहुण्याच्या पुढ्यातून टेबल कसं ओढायचं? जेवण आटपलं की म्हणू. ती भांडी घेऊन विहिरीवर गेली.

परत आली तेव्हा सगळं लख्ख आवरलेलं होतं. मंडळाच्या बायकांनी बाह्या सारून झाडलोट केली होती. मेयरला निघताना कॉफी हवी होती, सरपण दिसलं नाही, म्हणून त्या कामट्या फोडून चुलीत घातल्या होत्या. चरबीने त्या भराभर पेटल्या होत्या.

“तुझं काम वाचवलं,” माएस्त्रा म्हणाली.

निनायने चुलीत पाहिलं. मग तिने कॉफी गाळली.

पुढच्या आठवड्यात मंडळाने पत्रे देवळाच्या पडवीवर नेले, आता तिला त्यांचा काय उपयोग. नेण्याआधी विचारायला मात्र आल्या, तेवढी रीत होती. निनाय भावाच्या स्वयंपाकघराला लागून काढलेल्या पडवीत राहू लागली. माडांच्या कडेला घराच्या मेढींसाठी चार खड्डे खणून ठेवले होते. ते कुणी बुजवले नाहीत, कारण उर्बानोला वाटलं कापितान बुजवेल. कोंबड्या त्यांत धूळ उडवत बसायच्या. फोटो मात्र छान आला. तो तालुक्याच्या कचेरीत कित्येक वर्षं लावलेला होता. घर हवेत, माणसं हसताहेत, खाली लिहिलं होतं, बुगसोकची एकी.

पुढच्या उन्हाळ्यात करपो नावाच्या कोळ्याचं घर हलवायचं निघालं. मास सुटली, करपोची बायको देवळाच्या पायरीवर कुणाच्या तरी कानाशी लागली, आणि माणसं नेहमीसारखी हो हो म्हणत पांगू लागली. तेव्हा निनाय पायरी चढून वर उभी राहिली.

“छप्पर कोण उतरवणार?” तिने विचारलं. “नाव सांगा.”

सगळे थबकले.

“बांबू कोण तोडणार? जून तोडायचे. तांदूळ-मीठ कोण आणणार? एकानेच. आरोळी कोण देणार? तीही एकानेच. आत्ता सांगा, सगळ्यांसमोर.”

लोक चपलांकडे पाहू लागले. कापितानचे कान लाल झाले. “मानांग,” तो हळूच म्हणाला, “आपल्याच माणसांना असं विचारतात का?”

“निनाय, ऐकायलाही लाज वाटते गं,” क्लोतिल्दे म्हणाली.

“वाटू दे. कोण उतरवणार छप्पर?”

मग मागून उर्बानोचा आवाज आला. “मी उतरवतो.” वर्षभरात तो तिच्याशी थेट बोललेला तो पहिला शब्द.

करपोचं घर जेवणाच्या आत पोचलं. एक कामटीसुद्धा निखळली नाही. जेवताना निनायच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. करपोची बायको वाढता वाढता तिच्यापाशी वाकून म्हणाली, “मानांग, राग मानू नका, पण तुम्ही जरा जास्तच बोललात हो. माझे यजमान फार ओशाळले.”

“घर नीट बसलं ना?” निनायने विचारलं.

“बसलं.”

“मग वाढ,” निनाय म्हणाली, आणि तिने ताट पुढे केलं.